चप्पल लाइनीतल्या मामांना

मामा, नमस्कार.

नातवाकडून हे पत्र वाचून घ्याल आणि म्हणाल, "एवढं लिवण्यासारखं काय केलं म्या?" म्हणून आधीच सांगते. बूट.

2016 साली आम्ही बाराजणी गांधी मैदानावर सरावाला उतरलो, तेव्हा एकीच्याही पायात स्वतःचे बूट नव्हते. कुणाच्या भावाचे, कुणाच्या चुलतभावाचे. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात खरं तर बुटांना काय तोटा? पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, तालमी-तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठा ओस. पण आम्ही दुकानात गेलो की स्टडचे बूट सहा नंबरपासून पुढं. माझा पाय चार नंबर. पुढं कापूस कोंबायचा, दोन मोजे चढवायचे आणि जोरात मारलं की चेंडूच्या आधी बूट गोलात.

तळ उकललेला बूट घेऊन मी चप्पल लाइनीत चार ठिकाणी फिरले. "हे आपलं काम न्हवं." तुम्ही मात्र बूट बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "पाय दाव." कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं कड काढलीत, चपलेच्या गिऱ्हाइकाची काढता तशी. मग विचारलंत, "कंच्या पायानं मारतीस?"

मामा, तोवर लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. चड्डी घालून किती दिवस हिंडणार, लग्नाचं काय, हात मोडला तर? हे कुणी विचारलं नव्हतं. डाव्या, म्हटलं मी.

तुम्ही आत कातड्याचा सुकतळा बसवलात, टाचेला पट्टी लावलीत, तळ हातानं शिवलात. खिळा नाही. "खिळा पायाचा वैरी." आठवड्याभरात बाराही जणी तुमच्या दारात. तुमच्या गाळ्यात खिळा एकच, भिंतीतला; त्याला आमच्या पायांचे कागद लटकले. पैसे विचारले की, "दोऱ्याचं द्या."

पहिल्या स्पर्धेत, पुण्यात, आम्ही नऊ गोल खाल्ले. परत आल्यावर तोंड लपवत तुमच्याकडं आले, तर तुमचा सवाल एकच: "शिलाई उसवली?" नाही. "मग झालं तर."

2017 च्या जानेवारीत दिल्लीत पहिली इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. सहा संघ, आपल्या राज्यातून पुणे सिटी. आम्ही मोबाइलवर स्कोअर बघत होतो आणि तुम्ही माझ्या बुटाची जीभ शिवत होता. मे 2019 ला लुधियानात त्याच लीगमध्ये कोल्हापूर सिटी हे नाव दिसलं, तेव्हा आम्ही त्या संघात नव्हतो, तरी पेढे वाटले. त्याच वर्षी कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्यावर तुम्ही जे बोललात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचा पहिला विजय तिसऱ्या वर्षी, 2-1. दुसरा गोल माझा. डाव्या पायानं. बूट जागेवर.

तुम्ही एकही मॅच बघितली नाहीत. बोलावलं की म्हणायचात, "गाळा कोण बघणार?" त्याचा राग होता मला, खोटं कशाला बोलू. आज लहान मुलींचा सराव घेते, तेव्हा माझीही नजर आधी पायांकडं जाते.

तुमचे आभार मानते, मामा. आम्हा बाराही जणींकडून.

गुरुवारी दोन नव्या पोरी घेऊन येते. एकीचा पाय तीन नंबर आहे आणि ती दोन्ही पायांनी मारते. कागद तयार ठेवा.

तुमची,
चार नंबर