घरातली उभी बाग आणि उजेडाचा हिशेब

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातील सदनिकांमध्ये भिंतीलगत उभ्या मांडणीत भाजी पिकवण्याच्या संचांच्या जाहिराती अलीकडे फार दिसू लागल्या आहेत. माती नको, अंगण नको, ऊनही नको. नळ्यांमधून फिरणारे पोषकद्रव्यांचे पाणी आणि वर लावलेले दिवे एवढ्यावर चार माणसांच्या घराची भाजी निघेल, असे त्यांत सांगितलेले असते. मी माध्यमिक शाळेत चोवीस वर्षे विज्ञान शिकवले, ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि गेली तीन वर्षे घरात भाजी पिकवते. घरात भाजी पिकते आणि ती पिकवावी, असे माझे ठाम मत आहे; परंतु ती कशाच्या जोरावर पिकते हे या जाहिरातींत येत नाही आणि त्यामुळे हौसेने सुरुवात केलेली पुष्कळ माणसे एका हंगामातच निराश होऊन हात आखडता घेतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न जागेचा नाही, उजेडाचा आहे. नवरात्रात आपण देवघरात घट बसवतो. परडीतल्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण त्याचा रंग पिवळट असतो आणि देठ नाजूक असतात. ते कोंब बियाण्यातल्या शिदोरीवर वाढलेले असतात आणि उजेड शोधत उंच झालेले असतात. दसऱ्याला आपण ते टोपीत किंवा वेणीत खोवतो. ते तसेच देवघरात राहू दिले, तर शिदोरी संपताच मान टाकतात, कारण नवे अन्न तयार करायला लागणारा उजेड तिथे नसतो. घराच्या आतल्या भिंतीवर लावलेल्या पालकाची गत याहून वेगळी होत नाही. प्रकाश लक्स या एककात मोजतात; भर दुपारी उघड्यावर तो सुमारे एक लाख लक्स असतो, पावसाळी ढगाळ दिवशीही तो कित्येक हजार लक्स भरतो, पण खिडकीपासून चार पावले आत आले की दोन-तीनशे लक्सच उरतात. आपला डोळा कमी प्रकाशाशी जुळवून घेतो, म्हणून ती खोली आपल्याला उजेडाची वाटते. रोपाला मात्र जेवढा प्रकाश मिळेल तेवढेच अन्न करता येते.

ही तूट दिव्यांनी भरून काढता येते, पण त्याचा हिशेब आधी मांडायला हवा. एक चौरस मीटर मांडणीवर पालेभाजी नीट पोसेल इतका प्रकाश चांगल्या प्रतीच्या एलईडी दिव्यांनी द्यायचा, तर रोज साधारण सव्वा ते दीड युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला चाळीसच्या आसपास. महावितरणच्या दरपत्रकात शंभर युनिटांपुढे दर चढतो, हे ध्यानात घेतले की त्या जुडीची किंमत कळते. मोठ्या भांडवलावर बंद इमारतीत दिव्यांखाली शेती करणाऱ्यांनाही हा भार झेपला असे नाही. अमेरिकेतील एरोफार्म्स या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी न्यायालयात अर्ज केला आणि बॉवरी फार्मिंग २०२४ मध्ये बंद पडली. वीज आणि यंत्रणेचा खर्च ही या धंद्याची जुनी दुखरी बाजू आहे.

मी स्वतः असा चोवीस रोपांचा संच विकत घेतला होता. खोक्यावर ‘चार जणांच्या कुटुंबासाठी’ असे छापलेले होते. पहिले तीन आठवडे रोपे पाहून मन हरखत असे. मी रोजची तोडणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहीत गेले, तेव्हा दोन महिन्यांची बेरीज सव्वा किलोही भरली नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान चारशे ग्रॅम भाज्या व फळे खाण्यास सांगते. चौघांचे एका दिवसाचे सोळाशे ग्रॅम होतात. संच बिघडलेला नव्हता आणि माझ्या देखभालीतही कसूर नव्हती. दिवा तीस वॅटचा होता आणि त्याच्या प्रकाशात तेवढेच पीक येणे शक्य होते.

त्यानंतर मी ती मांडणी गॅलरीत आणली आणि चित्र पालटले. आमची गॅलरी पूर्वेकडे आहे, सकाळी साडेदहापर्यंत ऊन येते. लोखंडी घडवंचीवर चार थर केले, प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा पुढे ठेवला, म्हणजे कोणाची सावली कोणावर पडत नाही. मातीत निम्मे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळल्याने वजन कमी झाले. सर्वांत वर माठ आणि मिरची, कारण त्यांना कडक ऊन लागते. मधल्या थरांवर पालक आणि कोथिंबीर. खाली पुदिना, ओव्याची पाने आणि अळू. अळू कमी उन्हातही तग धरतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात तोच असे. धणे रगडून दोन फाका करून पेरले, तर उगवण चांगली होते. आता पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीची जुडी महाग आणि चिखलाने कुजलेली मिळते, तेव्हा आमच्या घरी आठवड्याचे तीन-चार दिवस तरी पाला घरचा असतो. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी पाहून ज्यांचे मन कचरते, त्यांना हे समाधान मोठे वाटेल.

ज्यांच्या घरात ऊन मुळीच येत नाही, त्यांनी समुद्रमेथी आठवावी. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या त्या इवल्या मेथीच्या जुड्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात आहेत. मेथी, मोहरी, मूग हे दाणे उथळ ताटलीत दाट पेरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, तर आठ-दहा दिवसांत कापणीला येतात, कारण वाढीचा बराच भाग बियाण्यातल्या अन्नावरच होतो. याला संच लागत नाही, दिवे लागत नाहीत. अर्थात हा पाला जीवनसत्त्वांसाठी आहे. भाकरीची ज्वारी शेतातूनच यायला हवी आणि घरची बाग शहराची भूक भागवील, असे कोणी सांगू नये.

पाण्याबद्दल एक सूचना करणे आवश्यक वाटते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवा डास बाहेर पडतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात आणि पोषकद्रव्यांची टाकी झाकणबंद ठेवावी.

माझी संच-विक्रेत्यांकडून एवढीच अपेक्षा आहे, की दिवा किती वॅटचा, महिन्याला किती युनिट जातात आणि पीक किती ग्रॅम येते, हे त्यांनी खोक्यावर छापावे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिका दरवर्षी झाडाफुलांचे प्रदर्शन भरवते. तिथे गॅलरीतल्या भाजीसाठी एक दालन असावे आणि प्रत्येक मांडणीपुढे ती किती तास उन्हात होती व तिने किती पाला दिला, याची पाटी असावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अर्ध्या उजेडात टिकणाऱ्या पालेभाज्यांची चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष मराठीत दिले, तर शहरातल्या हजारो घरांना त्याचा उपयोग होईल.

परंतु सर्वांत जास्त तळमळ मला गॅलऱ्यांविषयी वाटते. गिरगावातल्या चाळीत माझे बालपण गेले. तिथल्या कठड्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यांत तुळस, पुदिना आणि कढीपत्ता असे. आज आपण सदनिका घेतो आणि पहिल्याच वर्षी गॅलरी काचा लावून खोलीत घेतो. घर लहान असते, मुले मोठी होत असतात, ती निकड मी जाणते. तरीही त्या चाळीस चौरस फुटांबरोबर घरातले एकमेव ऊन आपण गमावतो आणि मग त्याच घरात दिव्यांखाली पालक लावण्यासाठी पैसे मोजतो. आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे गॅलरी बंद करण्याच्या परवानगीचे चार अर्ज आहेत. मी माझी तोलाची वही घेऊन त्या सभेत बोलणार आहे. त्यापूर्वी हे पत्र छापून आले, तर त्याची प्रत सभासदांपुढे ठेवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ठाणे (पश्चिम)