बोट बंदरात अडकली म्हणजे सुट्टी नव्हे

संपादक महोदय,
आम्ही नवरा-बायको शिडाच्या बोटीवर राहतो, सध्या मॉरिशसला पोर्ट लुईमध्ये अडकलोय. नातेवाईक फोनवर म्हणतात मजा आहे तुमची, म्हणून हे पत्र. डोलकाठी पुढून धरून ठेवणारी वायर 19 तारांची असते, त्यातल्या 3 तारा वरच्या टोकाला तुटलेल्या निघाल्या. ह्यांना दोरीने वर चढवलं तेव्हा माझे हात अक्षरशः थरथरत होते, कारण ती वायर समुद्रात सुटली असती तर डोलकाठीच गेली असती. आता पार्ट बाहेरून येणार, कस्टम्समध्ये पडणार, आणि नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा सीझन, त्याआधी दक्षिण आफ्रिकेकडे निघायलाच हवं. रोज अंगावर गंजाचे डाग, केबिनमध्ये डिझेलचा वास, पाणी मोजून. तरी गणेशचतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, इथल्या एका मराठी कुटुंबाने घरी जेवायला बोलवलं, खूप भरून आलं.

2018 मध्ये आपल्या नौदलाच्या सहा मुलींची 'तारिणी'सुद्धा स्टीअरिंग बिघडल्यामुळे इथेच थांबली होती. ती बोट गोव्यात बांधलेली. मग कोकणातल्या बंदरांवर अशा बोटींच्या दुरुस्तीची सोय आणि हे काम शिकवणारे कोर्स का नकोत? पोरांच्या हाताला काम मिळेल, कृपया यावर लिहा.

– एक वाचक, पोर्ट लुई