बाबांची शेकोटी, यंदा ओट्यावर

ॲन आर्बर, मिशिगन
१८ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा पोरांना म्हणाले, "या तर खरं, गच्चीवर शेकोटी करू आणि तुमचं ते पांढरं काय असतं ते भाजू." तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. धाकटीनं तर बॅगेत काड्या भरून ठेवल्यात. पोरांसमोर तुमचा शब्द खाली पाडायला नको म्हणून मी तेव्हा गप्प बसले आणि आता लिहिते आहे.

बाबा, शेकोटी करायची नाही. गेल्या हुरड्याला काकांच्या शेतावर आगटीपाशी तासभर बसलात आणि पुढचे दिवस नेब्युलायझर लावून काढलेत. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, आईनं सांगितलं. 'मी सांगितलं म्हणून सांगू नकोस' असंही ती म्हणाली होती, पण आता लिहून गेले, माफ कर आई. डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलाय. गोवऱ्यांचा असो की बाभळीच्या लाकडाचा, धूर तो धूरच.

पण पोरांचा हिरमोडही करायचा नाहीये, कारण हे सगळं धूर न करता घरात होतं. आम्ही इथे हिवाळाभर तेच करतो. आमच्या इमारतीत बाल्कनीत जाळ करायला बंदी आहे आणि जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ. मग एअर फ्रायर. हो आई, तोच, ज्याच्यावर तू क्रोशाचं झाकण घालून फ्रिजवर बसवला आहेस.

आता हा पदार्थ म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण आई दर वेळी विचारते आणि पोरं एकदम बोलतात त्यात काही कळत नाही. इथे उन्हाळ्यात मुलं तळ्याकाठी, जंगलात कॅम्पला जातात. रात्री जाळ करायचा, लांब काडीला मार्शमॅलो टोचून निखाऱ्यावर धरायचा, तो फुगून तांबूस झाला की दोन बिस्किटांच्या मध्ये चॉकलेटच्या तुकड्यासोबत दाबायचा. त्याला स्मोअर म्हणतात. गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या एका पुस्तिकेत त्याची कृती छापलेली आहे, आणि तिथेच असंही म्हटलंय की खाताना अजून हवंसं वाटलं तरी खरं तर एकच पुरे. बाबा, तुमची साखर बघता ही ओळ मी मोठ्या अक्षरात लिहून तुमच्या स्वयंपाकघरात चिकटवणार आहे.

बिस्किटाची गंमत ऐका. ही ग्रॅहम क्रॅकर्स ज्या सिल्व्हेस्टर ग्रॅहमच्या नावानं ओळखली जातात, तो एकोणिसाव्या शतकातला धर्मोपदेशक. मांस नको, दारू नको, मैदा नको, कोंड्यासकट गव्हाचं खा, असं गावोगाव सांगत फिरायचा. त्याच्या नावाच्या बिस्किटावर आज ही मंडळी साखरेचा गोळा आणि चॉकलेट चढवतात! तिकडे ही बिस्किटं शोधत बसू नका, डायजेस्टिव्ह आणा. मारीही चालेल. पार्ले-जी मला आवडतं, पण ते लहान पडतं आणि वरचा ऐवज खाली ओघळतो.

आई, तुझा प्रश्न मला ठाऊक आहे. हो, नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या कातडीपासून किंवा हाडांपासून काढलेलं. इथे बहुतेक वेळा डुकराचं. म्हणून आम्ही ते घरात आणतच नाही. तिकडे दुकानात घ्यायला गेलीस तर पाकिटावरची खूण बघ, हिरवी नसेल तर हात लावू नकोस. पण तुला जावंच लागणार नाही, मी इथूनच जिलेटिन नसलेले आणते. त्यांत साखर आणि टॅपिओकाचा पाक असतो. टॅपिओका म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच. तरी उपवासाला चालेल का असं विचारू नकोस, त्यात सोयाही आहे.

मूळचा मार्शमॅलो मात्र वनस्पतीचाच होता. त्याच नावाच्या झाडाच्या मुळातून निघणाऱ्या बुळबुळीत चिकापासून तो करत, आणि खोकल्याला, घशाला देत. युनानीवाले त्याला खतमी म्हणतात. आपली भेंडी आणि जास्वंद त्याच कुळातली. आता पाकिटातल्या मार्शमॅलोत त्या झाडाचा अंशही नसतो, नाहीतर बाबांनी औषध म्हणून दोन जास्त मागितले असते.

आता कृती. नीट वाचा, कारण आईचा पापडाचा अनुभव ताजा आहे. पापड उडून वरच्या कॉइलला चिकटला, धूर झाला आणि यंत्र फ्रिजवर गेलं. आई, दोष तुझाही नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. त्याच्या डोक्यात तापणारी कॉइल असते आणि तिच्यावर जोरात फिरणारा पंखा. गरम वारा भांड्यात घुमत राहतो, म्हणून तेलाशिवाय पदार्थ खरपूस होतो. पण हलकी वस्तू तो वारा उचलतो. मार्शमॅलो तर निम्म्याहून जास्त हवाच. नुसता ठेवलास तर तोही पापडाच्या वाटेनं जाईल, आणि वर साखर जळली की धूर होणार, म्हणजे बाबांसाठी केलेला सगळा खटाटोप वाया.

त्याला उपाय सोपा आहे. कात्रीला पाण्याचं बोट लावून मार्शमॅलो आडवा अर्धा काप. कापलेली बाजू चिकट असते, ती खाली करून बिस्किटावर दाबून बसव. हलत नाही. जाळीत बटर पेपर घालायचा असेल तर त्यावर बिस्किटं ठेवूनच घाल, रिकामा कागद उडतो. १८० अंशांवर ठेव, तीन मिनिटांनी ट्रे ओढून बघ, मग दर मिनिटाला. ट्रे ओढला की पंखा आपोआप थांबतो, काही बिघडत नाही. तीनाचे पाच कधी होतात ते प्रत्येक यंत्रावर असतं, पण पाठ फिरवायची नाही. पांढऱ्याचा बदामी होईपर्यंत वेळ लागतो, बदामीचा काळा मात्र बघता बघता होतो.

चॉकलेट आधी घालू नकोस, ते वितळून जाळीत गळतं. बिस्किटं ताटलीत काढली की लगेच वर वडीचा तुकडा ठेव, त्यावर दुसरं बिस्किट, आणि हलकं दाब. चौतीस-पस्तीस अंशांना चॉकलेट मऊ पडतंच, आतली उष्णता पुरते. वडी साधी, पातळ घ्या. काजू-बेदाण्याची नको.

बाबा, 'तो का फुगतो?' हे तुम्ही विचारणारच, चाळीस वर्षं विज्ञान शिकवलंत. आतल्या हवेचे बुडबुडे तापून प्रसरण पावतात आणि भोवतालचा गोळा मऊ झालेला असतो, म्हणून तो दुप्पट दिसतो. बाहेर काढला की बसतो. तांबूस रंग साखर भाजल्याचा. हे पोरांना तुम्हीच सांगा, मोठा सध्या सहावीत आहे आणि माझं काहीच ऐकत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. आतला पाक तोंड भाजेल इतका तापलेला असतो आणि चिकटतो, त्यामुळे पोरांच्या हातात लगेच देऊ नका. आणि बाबा, कवळी. मी काही बोलत नाही, तुम्हीच काय ते ठरवा. जाळी नंतर कोमट पाण्यात भिजत घाला, साखर आपोआप सुटते. तारेची घासणी लावली तर वरचा लेप जाईल, हे आपल्याकडच्या बाईंना दोनदा सांग.

चव? खरं सांगते, जाळावरची सर येत नाही. धुराचा तो वास नाही, आणि धाकटीला मुद्दाम पेटवून काळा केलेला आवडतो तसाही होत नाही. ती कुरकुरेल. आणि माझं विचाराल तर बिस्किट, साखर, चॉकलेट हे तिन्ही एकाच घासात म्हणजे अतीच गोड. गुळभेंडीचा कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि दही समोर असेल तर मी याच्याकडे बघणारही नाही. पण हुरड्यासाठी पोरांना काका शेतावर नेईल. तुम्ही घरी थांबायचं, आणि तो गरम हुरडा डब्यातून आणेल.

संध्याकाळी आम्ही इथे काय करतो ते सांगते, तसंच करा. स्वयंपाकघरातला दिवा घालवायचा, ओट्यापुढे सतरंजी टाकायची, यंत्र चालू करायचं आणि गोष्ट सुरू. आमच्याकडे गोष्ट सांगणारा नाही, तिथेच सगळं अडतं. मी मोबाइलवरून वाचून दाखवते, पोरं दोन मिनिटांत उठतात. तुम्ही मला पिंपळावरच्या मुंज्याची सांगायचात ना, ओढ्यावरून परत येताना मागून हाक येते ती, ती सांगा. मोठा म्हणेल मला भीती वाटत नाही. हाक येते तिथे यंत्राची घंटी वाजली पाहिजे, तेवढी वेळ जमवा.

आम्ही २१ डिसेंबरला पहाटे मुंबईत उतरतो आणि तिथून गाडीनं थेट बार्शी. आई, तुला इथून अजून काही हवं असेल तर पुढच्या रविवारच्या आत सांग, वजन आत्ताच भरत आलंय. बाबांना पंप वेळेवर घ्यायला लाव.

तुमची,
लेक

ता. क. लाइट गेली तर एअर फ्रायर इन्व्हर्टरवर लावू नका. तो चौदाशे-पंधराशे वॅट खातो, आपला इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरताच आहे. लाइट येईपर्यंत बाबांनी दुसरी गोष्ट सुरू करावी.