एअर फिल्टर घेताना रबरी कड आधी बघा

महोदय,

गाडीचा एअर फिल्टर शोरूमचाच घ्यावा की बाहेरचा, हा वाद बहुधा किमतीवरच अडतो आणि खरी बघायची गोष्ट राहून जाते, ती म्हणजे फिल्टरची रबरी कड. १.२ लिटरचे इंजिन एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण दीड हजार लिटर हवा ओढते. कडेला नखभर फट राहिली की त्यातली काही हवा फिल्टरचा कागद चुकवून आत शिरते. आपल्या धुळीतली सिलिका, म्हणजे वाळूचे कठीण कण, मग सिलिंडर आणि पिस्टन रिंगा घासत राहतात.

बहुतेक मोटार कंपन्या फिल्टर स्वतः बनवत नाहीत. मान, माहले, बॉश अशा उत्पादकांचे फिल्टर बाजारात त्यांच्या स्वतःच्या खोक्यातही मिळतात. आपल्या मॉडेल आणि इंजिनाचा पार्ट नंबर जुळत असेल, तर ते बिनदिक्कत घ्यावेत. भीती आहे ती डुप्लिकेटची. दुकानातच खोके उघडून जुना फिल्टर शेजारी ठेवा. उंची आणि घड्यांची संख्या जुळली पाहिजे; घड्या कमी म्हणजे कागद कमी, आणि तो लवकर चोंदतो. कड बोटाने दाबून सोडली की लगेच पूर्ववत झाली पाहिजे. फिल्टर उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढे भोक दिसले तरी तो परत करा.

'एकदा घ्या, आयुष्यभर धुऊन वापरा' असे सांगून विकले जाणारे तेल लावायचे कापडी फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर मुळीच घेऊ नयेत. तेल कमी पडले की बारीक धूळ आत जाते. जास्त झाले की, ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे ते त्यावर बसू शकते, मग पिकअप दबतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. साध्या गाडीत त्यांनी ताकद वाढल्याचे जे वाटते, ते बहुतांशी वाढलेल्या आवाजामुळे! अ‍ॅव्हरेजचे आमिषही पोकळच आहे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे अ‍ॅव्हरेज चोंदलेल्या फिल्टरनेही फारसे घटले नाही. घटला तो पिकअप.

दर सर्व्हिसला जवळून जोरात 'हवा मारण्या'ची आपल्याकडची पद्धत चांगला कागदही फाडते. मारायचीच तर कमी दाबाने, हातभर अंतरावरून आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना बदलाचे अंतर ४०,००० किलोमीटर दिलेले असते. रोज कच्च्या रस्त्यावर किंवा खडीच्या डंपरमागे जाणाऱ्याने ते निम्मे धरावे.

नवा फिल्टर बसवल्यावर हजारेक किलोमीटरनंतर त्याच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर कोरडी धूळ आली, तर फिल्टरच्या बॉक्सचे झाकण तडकले आहे का, एखादी क्लिप तुटली आहे का, हे आधी तपासा. तिथे दोष असेल, तर शोरूमचा महागातला फिल्टरही धूळ अडवणार नाही.

– एक वाचक, चिंचवड