पंप परत उतरवायच्या आधी हे वाच

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला, गाडीचा डिझेल इंजेक्शन पंप (इंजिनला दाबाने डिझेल देणारा) परत गेला म्हणे, आणि तो रिपेअर करणारा पंपवाला आता म्हणतोय की रिपेअरचा नाद सोड, नवीनच टाक. फोनवर दोन ओळीत सांगणार होतो पण तू एवढा वैतागलेला दिसतोयस की दोन ओळीत तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतोय, निवांत वाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका गाडीवर पाठोपाठ पंप जातायत ना, मग दोष पंपात नाही, पंपाला मारणारं काहीतरी गाडीतच बसलंय. ते सापडत नाही तोपर्यंत नवा टाक नाहीतर रिपेअरचा टाक, गत तीच होणार. आणि पंपवाल्याला त्यात दोष पण देता येत नाही रे, त्याच्या टेबलावर फक्त पंप येतो, गाडी येत नाही. तो टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवून देतो, बेंचवर स्वच्छ डिझेल असतं, प्रेशर बरोबर असतं, तिथे पंप मस्तच चालणार.

तुझा पंप रोटरी आहे, म्हणजे एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो, हे लक्षात घे. दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला जुना इनलाइन पंप असता तर त्याचा कॅम तरी इंजिन ऑइलमध्ये चालतो, तो बरंच सहन करतो. रोटरीला आतलं सगळं वंगण डिझेलचंच, थंड करायचं काम पण तेच करतं. त्यामुळे डिझेल कमी पडलं की फक्त पिकअप जात नाही, आतले पार्ट कोरडे घासतात. प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्या नळीत सरकतो ती) यांच्यामधली जागा दोन-चार मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे तिथे काय धूळ चालणार आणि काय पाणी चालणार!

अमेरिकेत याचं एक गाजलेलं प्रकरण आहे. 1998 ते 2002 च्या डॉज राम पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन आणि त्यावर बॉशचा व्हीपी44 पंप यायचा, तो पण रोटरीच. लोक पंप बदलून बदलून थकले, मग कळलं की बऱ्याच गाड्यांत आधी टाकीतलं डिझेल मोठ्या पंपापर्यंत आणणारा छोटा फीड पंप मरायचा, मोठा पंप उपाशी चालायचा आणि काही दिवसांनी तो पण जायचा. मग मालकांनी डॅशबोर्डवर फ्युएल प्रेशरचं गेजच लावून घेतलं, लोडवर 10 पीएसआयच्या खाली काटा गेला की समजायचं फीड पंप बघायची वेळ झाली. तुझ्या पंपाचा आकडा वेगळा असेल, तो मॅन्युअलमधून काढ, पण पद्धत तीच.

तेव्हा पहिलं काम गेज. फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून लाव आणि गाडी लोडवर चढाला चालव, उभ्या गाडीत आयडलवर सगळं छानच दिसतं. प्रेशर पडलं तर फिल्टरच्या आधी पण गेज लावून बघ, आधी भरपूर आणि नंतर कमी म्हणजे फिल्टर चोक, दोन्हीकडे कमी म्हणजे भानगड टाकीकडे किंवा फीड पंपाकडे.

टाकीकडची भानगड सगळ्यात फसवी असते हे मी स्वतः भोगलंय. माझी गाडी तासभर चालली की ओढायची बंद, थोडा वेळ उभी केली की परत ठीक. पंप उतरवला, बसवला, परत तेच. शेवटी सक्शनचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढायचा रबरी पाइप काढून मधून चिरला तर बाहेरून एकदम नवा आणि आतलं अस्तर सुटून लोंबतंय, इंजिनने जोर लावला की ते आत ओढलं जायचं आणि रस्ता बंद, बंद केलं की आपोआप मोकळं. बाहेरून कितीही दाबून बघितलं असतं तरी कळलं नसतं. टाकीत पडलेली चिंधी किंवा पॅकिंगचा तुकडा जाळीला चिकटला तरी अगदी असंच होतं. टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत जाते का ते पण बघ, जात असेल तर झाकणाचं भोक बुजलंय.

आणि सक्शनला लिकेज असलं की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खालून पुसून कोरडं आहे म्हणणाऱ्या मेकॅनिकवर जाऊ नको. पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक पाइप लाव आणि रेस देऊन बघ. सुरुवातीला थोडे बुडबुडे जातात, ते ठीक, पण येतच राहिले तर एअर घेतेय. बेंजो बोल्टचे (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) वॉशर दर वेळी नवे टाक, जुने परत बसवायची सवय सगळ्या गॅरेजात आहे.

बेंजोवरून आठवलं, तुझा व्हीई टाइप (बॉशचा एक रोटरी पंप) असेल तर रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या लाइनच्या बोल्टवर आउट लिहिलेलं असतं आणि त्याला बारीक भोक असतं. तो इनलेटला गेला की पंपाचाच घसा आवळला, आणि पंप सारखा काढ-घाल होत असताना हे सहज होतं. दोन मिनिटांचं काम आहे, तपासच.

पाण्याचं बघायला टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढ आणि रात्रभर ठेव. खाली वेगळा थर दिसला तर पाणी, मधल्या रेषेवर काळपट बुळबुळीत काही असेल तर जंतू वाढलेत, मग टाकी उतरवून साफ केल्याशिवाय पर्याय नाही. आताच्या डिझेलमधून सल्फर काढताना त्याचा मूळचा वंगणाचा गुण पण कमी होतो, कंपन्या वरून अॅडिटिव्ह घालतात म्हणून चालतं, पण त्यात कोणी रॉकेल मिसळलं की रोटरीची वाट लागलीच. डिझेल कुठून घेतोस ते एकदा मनाशी तपासून बघ, ड्रायव्हरला पण विचार.

आता गेलेला पंप भंगारात देऊ नको! पंपवाल्याला सांग, माझ्यासमोर उघड आणि पार्ट मला दे. गंज, तांबूस डाग असतील तर पाणी, उभ्या बारीक रेघा असतील तर कचरा, निळसर होऊन जाम झालं असेल तर उपाशी किंवा कोरडा चाललाय. मागच्या वेळचे पार्ट पण त्याच्याकडे पडून असतील तर तेही माग. दोन्हीवर एकच खूण निघाली तर अर्धं काम झालं. इंजिन ऑइलची डिपस्टिक पण बघून घे, लेव्हल वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंपाचं शाफ्ट सील जाऊन डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय, तसं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी अजिबात चालवू नको, बेअरिंग जातील.

आणि फिल्टर बदलला असशील तर जुना फेकला नसशील अशी आशा आहे. तो कापून आतला कागद उलगड, उन्हात फोटो काढ आणि मला पाठव. चमकणारे कण असतील तर जुन्या पंपाचा चुरा रिटर्नमधून टाकीत गेलेला असणार, मग टाकी, लाइन सगळं धुवून आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) पण बेंचवर बघूनच पुढचा पंप बसवायचा.

गेज माझ्याकडे पडून आहे, पारदर्शक पाइप पण आहे. रविवारी मोकळा असशील तर गाडी लोडसकट ठेव, मी येतो, रिकाम्या गाडीत यातलं काहीच दिसणार नाही. तोवर नव्या पंपाचा अॅडव्हान्स देऊ नको.

तुझाच,
पक्या