मागण्यांवर चर्चा कधी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्पाचे भाषण झाले की दुसऱ्या दिवशी काय स्वस्त आणि काय महाग याचे रकाने भरतात, आणि आमच्या निपाणी-चिकोडीकडे तर विषय तंबाखूवरील करापाशीच संपतो. पण त्या भाषणाने सरकारला एक रुपयाही खर्चण्याचा अधिकार मिळत नाही. राज्यघटनेच्या ११३व्या कलमानुसार अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांना हव्या असलेल्या खर्चाचे प्रस्ताव, लोकसभेपुढे मांडाव्या लागतात; सभागृह त्या मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा त्यांत कपात करू शकते, वाढ मात्र करू शकत नाही. पुढे ११४व्या कलमाखालील विनियोजन कायदा, म्हणजे मंजूर रक्कम काढण्याची परवानगी देणारा कायदा, झाल्याखेरीज संचित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) पैसा काढता येत नाही. राज्यसभेला या मागण्यांवर मत नसल्याने सारी जबाबदारी आपण थेट निवडून दिलेल्या खासदारांवर येते.

त्यातही कर्जावरील व्याजासारखा भारित खर्च, म्हणजे थेट संचित निधीवर टाकलेला खर्च, मतास टाकला जात नाही. २०२४-२५च्या सुमारे ४८ लाख कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात ११ लाख कोटींहून अधिक रक्कम व्याजाचीच होती. उरलेल्या खर्चाची तरी कसून छाननी व्हावी, तर नेमून दिलेली वेळ संपताच शिल्लक मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. याला संसदेत 'गिलोटिन' म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही. गोंधळ कोणी घातला, यावर दोन्ही बाजू अजून भांडतील. पैसा मात्र मंजूर झाला. १९९३पासून विभागीय स्थायी समित्या मागण्या तपासतात हे खरे, परंतु त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

खासदाराच्या हाती कपात सूचना असते. मागणीतून केवळ १०० रुपये कमी करावेत, अशी प्रतीकात्मक सूचना देऊन तो आपल्या भागाचे नेमके गाऱ्हाणे सभागृहापुढे मांडू शकतो. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्गाच्या कामाबद्दल मंत्र्यांकडून उत्तर मागण्यासाठी हा मार्ग निवेदने देत फिरण्यापेक्षा सरळ आहे. कर्नाटक राज्याच्या खर्चालाही २०३व्या कलमानुसार विधानसभेची अशीच संमती लागते, आणि बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधातील (विधानभवनातील) हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, अनेकदा येतात. मात्र बातम्या येतात त्या मोर्चांच्या आणि सभात्यागाच्या.

म्हणून विनंती अशी, की बेळगाव व चिकोडीच्या खासदारांनी कोणत्या मागण्यांवर भाषण केले आणि कपात सूचना दिली की नाही, हे यंदा मागण्या मंजूर होतील त्या दिवशी आपल्या दैनिकात छापावे.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)