नवशिक्यांसाठीच्या विमान-संचाबद्दल तक्रार: पुस्तिकेतला चुकीचा सीजी, धोकादायक चार्जर आणि नाकारलेली बदली

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
रिमोट कंट्रोल विमान विभाग

विषय: 'नवशिक्यांसाठी संपूर्ण संच' या नावाने विकलेल्या तीन चॅनेलच्या विमानातील दोष आणि बदली नाकारल्याबद्दल

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे वरील विमान माझ्या भाचीने स्वतः साठवलेल्या पैशांतून विकत घेतले. पहिल्याच उड्डाणात ते कोसळले. नाकाकडचा भाग चिरला आणि पंख मधोमध तुटला. बदली मागितली तेव्हा आपल्या ग्राहक सेवेने कळवले, की विमान 'चालवणाऱ्याच्या चुकीमुळे' पडले असून असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून अशी विमाने बांधते आणि उडवते. तुटलेले विमान, त्याची पुस्तिका, चार्जर आणि रिमोट मी नीट तपासले. त्यात जे आढळले ते पुढे लिहिते आहे.

सर्वात आधी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, जिथे आधार दिला की विमान तोलून राहते ती जागा. आपल्या पुस्तिकेत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून 90 मिमीवर ठेवायला सांगितला आहे. या विमानाचा पंख सरळ आयताकृती असून त्याची रुंदी 180 मिमी आहे. म्हणजे आपण सीजी पंखाच्या अगदी मध्यावर, 50 टक्क्यांवर ठेवायला सांगता. अशा साध्या, पंख धडाच्या वर असलेल्या ट्रेनरचा (शिकण्यासाठीच्या विमानाचा) सीजी रुंदीच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांवर हवा, म्हणजे इथे 45 ते 54 मिमी. अनुभवी माणूस फार तर त्याच्या किंचित मागे जाईल. 90 मिमीवर हे विमान इतके शेपटीकडे जड होते, की त्याचा स्वतःहून सावरण्याचा गुणच नाहीसा होतो. नाक जरा वर गेले की ते आणखी वर जाते, दाबले की भसकन खाली जाते. नाक जड असलेले विमान जड उडते, लांबवर उतरते, पण शिकणाऱ्याला वेळ देते. शेपटी जड असलेले विमान मुरलेल्या पायलटलाही सावरू देत नाही.

उड्डाणाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे, तो कृपया खरोखर पाहावा. भाचीच्या मैत्रिणीने विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून, पंख सपाट ठेवून, जवळजवळ आडवे फेकले. फेक उत्तम आहे. हात सुटताच नाक आकाशाकडे उठते. भाची एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) खाली देते, विमान नाक खुपसते. ती स्टिक मागे घेते, ते पुन्हा उभे राहते, वेग संपतो, स्टॉल होऊन (पंखाची उचल संपून) एक पंख पडतो आणि विमान गिरकी घेत जमिनीवर येते. त्या काही क्षणांत तिने एकही चुकीची गोष्ट केलेली नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिने विमान दोन्ही पंखांखाली बोटे धरून 90 मिमीवर अचूक तोललेही होते. तशी पेन्सिलची खूण पंखावर अजून आहे, तिचाही फोटो जोडला आहे.

हा आकडा पुस्तिकेत आला कुठून, याचा एक धागा मला सापडला. पुस्तिकेतल्या आकृतीत पंखाला एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्या) दाखवले आहेत. आपल्या तीन चॅनेलच्या विमानाला एलेरॉन नाहीतच, ते फक्त रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी), एलिव्हेटर आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) या तीन चॅनेलवर चालते. आकृतीतल्या शेपटीचा आकारही वेगळा आहे. म्हणजे ही पुस्तिका दुसऱ्या कुठल्या तरी विमानाची आहे. ती या खोक्यात कशी आली आणि पाठवण्याआधी कोणी ताडून पाहिली का, याचे उत्तर आपण द्यायला हवे.

पुस्तिका बरोबर असती तरी अडचण होतीच. बॅटरीच्या खणात पुढे एक आडवी भिंत आहे, त्यामुळे बॅटरी पुढे सरकतच नाही. मी तुकडे टेपने जोडले, ती भिंत कापून काढली आणि बॅटरी नाकाकडे ढकलली, तेव्हा विमान 52 मिमीवर तोलले. एका पात्याच्या कापाने सुटणारा हा दोष आहे. तो कारखान्यात सुटला असता.

आता वजन. खोक्यावर बॅटरीसह 540 ग्रॅम छापले आहे. सगळे तुकडे गोळा करून बॅटरीसह तोलले, तर 720 ग्रॅम भरले. पंखाची लांबी 1 मीटर, रुंदी 180 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 18 चौरस डेसिमीटर. आपल्या जाहिरातीप्रमाणे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर 30 ग्रॅम भार यायला हवा होता, प्रत्यक्षात 40 येतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हे विमान जाहिरातीतल्या विमानापेक्षा सुमारे 15 टक्के जास्त वेगाने उडवावे आणि उतरवावे लागते. शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज हळू उडणाऱ्या विमानाची असते. विमान आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटे होते, तेव्हा विचार करायला जो अर्धा सेकंद लागतो तो फक्त मंद वेगच देतो.

खोक्यावर 'न तुटणारे ईपीपी' (एक लवचीक फोम) असेही लिहिले आहे. तुटलेल्या जागी हाताने चोळले की पांढरे मणी सुटून येतात. हा साधा थर्माकोल आहे. ईपीपी दबते, वाकते आणि पुन्हा आकारात येते, म्हणूनच कमी पैशांत शिकणाऱ्यांना आम्ही तेच सुचवतो. थर्माकोलचीही विमाने होतात, मी स्वतः केली आहेत, त्यात कमीपणा नाही. पण मग खोक्यावर थर्माकोल लिहा. त्याहून वाईट म्हणजे संचात दुरुस्तीसाठी दिलेली नळी साध्या इन्स्टंट ग्लूची आहे. हा ग्लू थर्माकोल विरघळवतो. भाचीने चिरेवर दोन थेंब सोडले आणि तिथे खड्डा पडला. फोम-सेफ ग्लू किंवा कमी तापमानावर वितळणारी हॉट ग्लूची कांडी दिली असती तर नाक तिनेच जोडले असते.

यापुढचे दोन मुद्दे विमान तुटण्याचे नाहीत, माणसाला इजा होण्याचे आहेत. ते इतर सगळ्याआधी हाताळावेत अशी माझी विनंती आहे.

पहिला चार्जर. संचातल्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या तीन सेलच्या आहेत आणि त्यांना बॅलन्सची, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरण्यासाठीची, पांढरी वायरही आहे. पण आपल्या चार्जरला ती लावायला जागाच नाही, तो फक्त मुख्य तारेतून चार्ज करतो. अपघाताशी संबंध नसलेली, कधी विमानात न बसवलेली दुसरी बॅटरी मी त्यावर लावली, मोकळ्या जागी, आगीपासून सुरक्षित भांड्यात ठेवून. हिरवा दिवा लागल्यावर मल्टीमीटरने एकेक सेल मोजला: 4.31, 4.16 आणि 4.13 व्होल्ट. बेरीज 12.60, म्हणून चार्जरच्या दृष्टीने सगळे ठीक. पण लायपोचा एकही सेल 4.2 व्होल्टच्या वर जाता कामा नये. वर गेलेला सेल फुगतो, तापतो आणि पेट घेऊ शकतो. बॅटरी जुनी होईल तसा सेलमधला फरक वाढतच जाणार. हा चार्जर एखादे मूल रात्री पलंगाशेजारी लावून झोपेल आणि पुस्तिकेत तसे करू नका असे एक वाक्यही नाही.

दुसरा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर बंद करणारी सोय. प्रोपेलर काढून, मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालू ठेवून मी रिमोट बंद केला. मोटर थांबायला हवी होती. ती शेवटच्या थ्रॉटलवर फिरतच राहिली. सिग्नल तुटलेले, मोटर चालू असलेले विमान माणसांच्या दिशेने किती दूर जाईल ते कोणी सांगू शकत नाही. सिग्नल गेल्यावर थ्रॉटल शून्यावर आणणे हे रिसीव्हरमधले (विमानात रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागातले) एक साधे सेटिंग आहे. ते आपण केलेले नाही आणि खरेदीदाराला करण्याची सोयही ठेवलेली नाही.

सोय नाही याचे कारण म्हणजे रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारे सर्किट) आणि दोन्ही सर्व्हो (शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आपण एकाच बोर्डावर जोडले आहेत. एका सर्व्होचा दात तुटला की अख्खा बोर्ड टाकायचा. रिमोट फक्त या बोर्डाशीच जुळतो, दुसऱ्या कुठल्याही रिसीव्हरशी नाही. त्याला सिम्युलेटरसाठी (संगणकावर उडवण्याच्या सरावासाठी) संगणकाशी जोडता येत नाही, शिकवणाऱ्याचा दुसरा रिमोटही जोडता येत नाही.

याबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण थोड्या पैशांत हा छंद सुरू करणारे लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि आपल्या खोक्याचे चित्र दाखवतात. स्वस्त विमानाला माझा विरोध नाही. माझे स्वतःचे पहिले विमान फोमच्या चादरीतून कापलेले होते आणि ते छान उडायचे. पण पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याला काही तारतम्य आहे. फोम पडणार, तुटणार, पुन्हा कापता येणार, तिथे वाचवा. दिसण्यावर, स्टिकरवर, रंगीत खोक्यावर वाचवा. रिमोट मात्र पुढच्या चार-पाच विमानांना पुरतो, म्हणून त्यावर थोडे जास्त घाला. सुटा रिसीव्हर, 9 ग्रॅमचे सुटे सर्व्हो, एक साधी ब्रशलेस मोटर आणि तिच्याजोगा ईएससी असला की पहिले विमान मोडल्यावर हे सगळे उचलून दुसऱ्या फोमच्या सांगाड्यात बसवता येते. बॅलन्स चार्जर तर वर्षानुवर्षे चालतो. सिम्युलेटरवर शंभर वेळा कोसळले तरी काही खर्च होत नाही, म्हणून सिम्युलेटरला जोडला जाणारा रिमोट शिकणाऱ्याचे पैसे वाचवतो. आपण नेमके उलटे केले आहे. जिथे टिकायला हवे तिथे काटछाट केली आणि वाचलेले पैसे खोक्याच्या छपाईवर घातले. विमान पडले की खरेदीदाराच्या हातात पुढे वापरता येईल असे काहीच उरत नाही, आणि थोडकेच पैसे असलेली मुलगी पुन्हा नव्याने सगळे घेऊ शकत नाही. 'मला हे जमणारच नव्हते' असे तिला वाटू लागते. माझ्या भाचीला तसे वाटले होते. तिला ते वाटायला लावणारा आकडा आपण छापला होता, म्हणून आपल्या 'चालवणाऱ्याची चूक' या उत्तराचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. भाचीला पूर्ण रक्कम परत मिळावी, किंवा दुरुस्त केलेला संच मिळावा: योग्य पुस्तिका, बॅलन्स चार्जर आणि थ्रॉटल बंद करणारा फेलसेफ असलेला. कोणते हवे ते ती ठरवेल. 'चालवणाऱ्याची चूक' हा शेरा आपल्या नोंदीतून लेखी स्वरूपात मागे घ्यावा. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्या प्रत्येकाला सीजी, चार्जर आणि फेलसेफबद्दल तातडीने कळवावे आणि चार्जर बदलून द्यावा. ते होईपर्यंत हा संच विकू नये. खोक्यावरचे वजन आणि साहित्याचे नाव खरे छापावे. पंख, नाक आणि प्रोपेलर सुटे विकत मिळावेत.

आपल्या तंत्रज्ञांपैकी कोणाला मोजमापे पडताळायची असतील तर विमान, बॅटरी आणि चार्जर आहेत तसे जपून ठेवले आहेत, पाठवायला तयार आहे. वाहतुकीचा खर्च आपण करावा, आणि बॅटरी सेलमागे 3.8 व्होल्टवर आणूनच पाठवली जाईल, त्याची सोय आपण कुरियरशी बोलून ठेवावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी हीच कागदपत्रे घेऊन ग्राहक तक्रारींच्या अधिकृत यंत्रणेकडे जाईन.

आपली,
खरेदीदाराची मावशी, तिच्या संमतीने

सोबत: बिलाची प्रत, उड्डाणाचा व्हिडिओ, पंखावरील खुणेचा व पुस्तिकेतील आकृतीचा फोटो, वजनकाट्याचा फोटो, तिन्ही सेलच्या मोजणीचे फोटो, फेलसेफ चाचणीचा व्हिडिओ, आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर.